अव्वाचा मौनी अज्जा

माझ्या नवऱ्याला गप्प बसता येत नाही, हे लग्न झाल्या झाल्याच माझ्या लक्षात आलं. सोलापुरात एका चादरींच्या दुकानात ते विक्रीला होते आणि बोलणं हाच त्यांचा धंदा होता. गिऱ्हाईक गादीवर टेकलं की चादर उलगडायची, आणि उलगडता उलगडता तिचं सूत, तिचा रंग, ती कितीही धुतली तरी कशी राहते, हे सांगत सुटायचं. एक चादर बघायला आलेला माणूस जोड घेऊन उठायचा. घरी आले तरी ते थांबत नसत. जेवताना बोलत, मोरीत आंघोळ करताना बोलत, झोपेतसुद्धा कुणाला तरी भाव सांगत. आमच्या शेजारी विणकरांचं तेलुगू कुटुंब राहायचं. तिथली बाई मला म्हणायची, "तुमाला रेडिओ कशाला पायजे? घरातच हाय की."

म्हणून बारशाच्या दिवशी जेवता जेवता ते एकदम गप्प झाले, तेव्हा मला वाटलं घास अडकला.

माझं माहेर मैंदर्गीच्या पलीकडे, सरहद्दीलगतच्या एका लहान गावात. घरात सगळं कानडी. पण मला शाळेसाठी लहानपणीच सोलापुरात मामाकडे ठेवलं होतं आणि मी तिथेच वाढले. वडील गेल्यावर लग्नही मामाच्याच दारात झालं. लगेच पुढच्या वर्षी तो मोठा दुष्काळ पडला. गावात माणसांनाच प्यायला पाणी नव्हतं, तिथे जावयाला कोण बोलावणार? त्यामुळे यांनी माझं माहेर पाहिलंच नव्हतं. यांचं गाव करमाळ्याकडचं. आमच्यासारखेच लिंगायत, पण कानडीचा गंध नाही. माझ्या आईला, आम्ही अव्वा म्हणतो, मराठी थोडंफार समजायचं पण बोलता येत नसे. सासू-जावयाचं जे काही बोलणं व्हायचं ते माझ्या तोंडून व्हायचं.

तर बारशाला अव्वा आली होती. पंगत उठली, घरची चार माणसं जेवायला बसली, आणि अव्वानं मला सांगितलं, "पोराचं जावळ मौनी अज्जाच्या कट्ट्यावर काढायचं. मी तसा नवस बोलून ठेवलाय."

यांनी विचारलं, "काय म्हणतात?"

मी सांगितलं. मौनी अज्जा म्हणजे आमच्या गावाबाहेर ओढ्याकाठी चिंचेखाली येऊन राहिलेला एक साधुपुरुष. अज्जा म्हणजे आजोबा, पण आमच्याकडे साधूलाही, वय काही असो, अज्जाच म्हणतात. कुठून आला कुणाला माहीत नाही. गेला त्या दिवसापर्यंत कुणाशी एक अक्षर बोलला नाही. एका पावसाळ्यात आला आणि पुढे सुगीच्या तोंडाला नाहीसा झाला. मी तेव्हा सोलापुरात शाळेत होते, मी काही त्याला पाहिलं नाही. पण त्याच्या चपला तिथे राहिल्या होत्या. गावानं चिंचेखाली दगडी कट्टा बांधला, त्यात कोनाडा केला आणि चपला तिथे ठेवल्या. दर सोमवारी पूजा होते. आमच्या घरावर तर त्याचे उपकारच आहेत, असं अव्वा म्हणते.

यांचा हात ताटातच राहिला.

"ओढ्याला लागून एक पडकी विहीर हाय का?" त्यांनी विचारलं.

मी अव्वाला विचारलं. अव्वा म्हणाली, "आहे. यांना कसं ठाऊक?"

हे ताक न पिताच उठले आणि संध्याकाळपर्यंत घरात कुणाशी बोलले नाहीत. शेजारीण येऊन विचारून गेली, मालक आजारी आहेत का म्हणून.

त्यानंतर गावाला जायचा विषय निघाला की यांच्याकडे काही ना काही सबब असायची. दुकानात लग्नसराईची गर्दी आहे. बाळाला सर्दी आहे. मैंदर्गीची एसटी लई हादरते, कोवळ्या पोराला सोसायची नाही. एकदा तर बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "केस किती ग्वाड हायत ह्याचे. ऱ्हाऊ दे की." आमच्यात देवाधर्माच्या गोष्टीत आडकाठी करणारा माणूस नव्हता तो. सासूचा शब्द तर कधीच मोडला नव्हता. मला काही उलगडेना.

शेजारणीला मी सांगितलं. ती माझ्याएवढीच, पण चार मुलं झालेली, त्यामुळे जगाचं जास्त कळत असल्यासारखं बोलायची. ती म्हणाली, "तुज्या गावात त्याची कोन तरी बाई हाय बग. न्हाईतर विहीर कशी म्हाईत?"

मी तिला वेड्यात काढलं. पण विहिरीचं मलाही उत्तर देता आलं नाही. गावातल्या बायका एकेक डोळ्यांपुढे आणून बघितल्या. कुणीच बसेना. मग ज्या बसत नव्हत्या त्याही बसायला लागल्या.

शेवटी एका रविवारी हे म्हणाले, तळ्यावर फिरायला जाऊ. बाळाला मामीकडे ठेवलं आणि आम्ही सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जाऊन बसलो. यांनी फुटाणे घेतले. फुटाण्याची पुडी माझ्या हातात दिली, परत घेतली, परत दिली.

"तुला एक सांगायचं हाय," ते म्हणाले. "लग्नाआदीचं हाय."

मी म्हटलं, "सांगा."

"मी तुमच्या गावात ऱ्हायलोय."

"कुणाकडं?"

"कुणाकडं न्हाय. गावाभाईर."

"एकटे?"

"एकटाच. म्हंजे, बायका यायच्या."

माझ्या हातातली पुडी मी खाली ठेवली.

"किती बायका?"

"लई यायच्या. कुणी भाकरी आणायच्या, कुणी आमटी. बापय माणसंबी यायची की." माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी घाईनं जोडलं, "माझ्या पाया पडायला."

"तुमच्या पाया का पडतील?"

ज्या माणसाच्या तोंडाला दिवसभर उसंत नसायची त्याला आता एक वाक्य पुरं होईना. मग खाली बघून म्हणाले, "तुझ्या आईचा त्यो मौनी अज्जा. त्यो मीच."

मला ते समजलंच नाही. मला वाटलं, यांच्या अंगात येतं आणि तेच हे लपवत होते. मी विचारलंसुद्धा, "कधीपासून येतं अंगात?"

"अंगात न्हाय गं," ते म्हणाले. "मी सोता. मीच बसलो हुतो चिंचंखाली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मॅट्रिकला ते गणितात नापास झाले, दुसऱ्यांदा. वडिलांनी चारचौघांत बोल लावला. हे तसेच चालत केमच्या रेल्वे स्टेशनवर गेले आणि येईल त्या गाडीत बसले. तिकीट नव्हतं. अक्कलकोट रोडला तपासनिसानं खाली उतरवलं. पाऊस लागला होता. भिजत, चालत, कुणीतरी बैलगाडीत घेतलं, कुणीतरी उतरवलं, असं करत कुठे आलो हेही माहीत नसताना एका ओढ्याकाठी चिंचेखाली आडवे झाले. अंगात ताप होता आणि घसा इतका सुजला होता की थुंकी गिळवत नव्हती. सकाळी रानात जाणाऱ्या बायांनी काहीतरी विचारलं. ते कानडीत. यांना एक शब्द कळला नाही, आणि कळला असता तरी बोलता आलं नसतं. यांनी नुसते हात जोडले. बाया जाऊन भाकरी घेऊन आल्या.

"मग घसा बरा झाला असेल की," मी म्हटलं.

"झाला की. पण तवर लोकं नारळ ठिवाय लागली हुती."

"मग सांगायचं."

"कुणाला सांगू? आणि काय भाषेत? आणि सांगून जाऊ कुटं? घरी बा हुता." त्यांनी फुटाण्याची पुडी परत उचलली. "पयल्यांदा वाटलं, आजचं जेवण होऊ दे. उद्या सांगू. मंग रोजच आजचं जेवण होऊ दे असं व्हायला लागलं."

लोक येऊन समोर बसायचे, लांबलचक काहीतरी सांगायचे, रडायचे, आणि हे नुसते बघत राहायचे. कधी मान हलवली तर तो होकार ठरायचा. डास मारला तर त्याचाही काही अर्थ निघायचा. दाढी वाढली, केस वाढले. एक बाई आठवड्यातून दोनदा आमटी आणायची, पदर नाकापर्यंत ओढून, त्यामुळे तिचं तोंड कधी दिसलं नाही. "खारट," ते म्हणाले, "लई खारट. तिच्यासमोर टाकता यीना. वर तांब्याभर पानी प्यायचो. तर लोकांनी काय केलं, अज्जाला पानी लई लागतं म्हनून वळीनं तांबे आणून ठिवले."

मी हसले. पण हसता हसता मला कळलं की ती आमटी कुणाची होती. आमच्या भावकीत अव्वाच्या हाताची आमटी प्रसिद्ध होती आणि तिच्यासमोर तो विषय कुणी काढत नसे. ते मी माझ्यापाशीच ठेवलं.

"मग निघून का आलात?"

"एक गडी आनला हुता गाडीत घालून," ते म्हणाले. "पोट धरून दुमता झालेला. घाम नुसता. तोंड काळंनिळं पडलेलं. त्याची बायकू माझ्या पायावर डोकं आपटायली हुती. त्यास्नी विभूती पायजे हुती माझ्याकडनं. मी बघितलं, ह्यो मानूस मरतोय. माझ्यासमोर मरतोय आणि ह्ये माझ्याकडं राख मागायल्यात. मी वराडलो. दवाखाना, दवाखाना म्हनून. तेवडा एकच शब्द आला बघ तोंडातनं."

दवाखाना हा शब्द आमच्या कानडीतही तोच आहे. गाडीवाल्याला कळला. मौनी अज्जा बोलला म्हणून आरडाओरडा झाला. गाडी तशीच अक्कलकोटला आणि तिथून सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात गेली. इकडे अज्जाची वाणी उघडली म्हणून पंचक्रोशीतली माणसं लोटणार, हे यांना दिसत होतं. गाडीमागे गाव धावलं तेवढ्यात हे उलट दिशेला चालायला लागले. चपला चिंचेखालीच राहिल्या.

"त्यो गडी जगला का मेला, मला म्हाईत न्हाय," हे म्हणाले. "लई दिस झोप यायची न्हाय त्याच्यापायी."

मी तळ्याकडे बघत होते. तो माणूस माझे वडील होते. पोटात आतडं सुजून फुटायला आलं होतं, दोन तास उशीर झाला असता तर गेलेच होते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मामाबरोबर मी त्यांना बघायला गेले होते त्या दवाखान्यात. खाटेवर पडून ते मला म्हणाले होते, मुका बोलला म्हणून मी वाचलो. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, माझी मॅट्रिक बघून गेले.

हे मी यांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला त्यांच्यावर रागवायचं होतं. इतके दिवस मी गावातल्या बायका मोजत बसले होते, त्याचा राग होता. गावाला फसवून महिनोन्‌महिने बसून खाल्लं, त्याचाही होता. आणि वडील वाचले तेही त्याच बसून खाण्यामुळे. राग धरावा तर कुठून धरावा, हेच मला समजेना. फुटाणे कुणी खाल्ले नाहीत.

घरी आल्यावर ते म्हणाले, "आईंना सांगायला पायजे. माझ्याच चपलापुढं माझ्या पोराचं डोकं कसं टेकवू?"

मी म्हटलं, अव्वाला सोसणार नाही. ते म्हणाले, मग जावळ नको. मी म्हटलं, जावळ नको म्हटलेलंही सोसणार नाही. हे असं बरेच दिवस चाललं. शेवटी आम्ही गेलो. जावळाच्या आदल्या दिवशी एसटीनं मैंदर्गी आणि तिथून भावकीतल्या एकाच्या गाडीतून गाव. वाटेत ते गाडीवानाशी बैलांविषयी एवढं बोलले की गाडीवानानं मला कानडीत विचारलं, "तुमचे मालक पुढारी आहेत का?"

दुपारी अव्वा कट्टा झाडायला निघाली तेव्हा हे म्हणाले, आमी पण येतो. कट्ट्यावर दुसरं कुणी नव्हतं. ओढा आटलेला. कोनाड्यात हळदीकुंकवानं माखलेल्या चपला, पुढे विझलेली उदबत्ती. हे त्या चपलांकडे बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, "सांग."

मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी कानडीत करते."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. केमची गाडी, सुजलेला घसा, नारळ, सगळं. मी एकेक वाक्य कानडीत करत गेले. अव्वा हातात केरसुणी घेऊन ऐकत होती. मध्येच तिनं मला थांबवलं. "हे असं झालं होतं असं म्हणतायत, का असं स्वप्न पडलं म्हणतायत?"

"झालं होतं म्हणतायत."

अव्वानं यांच्याकडे खालून वर बघितलं. हे आता चांगले अंगानं भरले होते, दुकानात बसून पोट सुटलेलं, मिशी कापलेली. ती म्हणाली, "अज्जा उंच होता. तोंडावर तेज होतं. आणि तो बोलत नव्हता, तेवढा एक शब्द सोडला तर."

मी हे मराठीत केलं. हे म्हणाले, "उंच न्हवतो, वाळलो हुतो. तेज म्हंजे ताप हुता."

अव्वानं मान हलवली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "उन्हात आणलंस त्यांना टोपीबिगर."

यांना राहवलं नाही. त्यांनी आपल्या पायातली वहाण काढली, कोनाड्यापाशी खाली बसले आणि अव्वाला खुणेनं विचारलं, बघू का? अव्वा काही बोलायच्या आत त्यांनी त्या चपलांतली एक उचलली आणि पाय घातला. पाय अर्ध्यातच अडकला. वर्षानुवर्षं दुधानं धुऊन आणि उन्हात वाळून ते कातडं आखडलं होतं, की काय झालं होतं कोण जाणे. अंगठा आत जाईना. अव्वानं डोळे मिटून घेतले आणि काहीतरी पुटपुटली.

हे चप्पल हातात धरून उलटी-सुलटी करत बसले. "माझ्या चपलंला टाचंत खिळा हुता," ते म्हणाले. "हितं खिळा दिसंना." मग माझ्याकडे बघून अगदी खरोखरच विचारलं, "ह्या माझ्याच हायत का गं?"

मी काय सांगणार? मला तर आता हे ठरवता येईना की मी कुणावर विश्वास ठेवतेय. यांनी जे सांगितलं ते सगळं जुळत होतं, विहीरसुद्धा. पण त्या क्षणी पायाला न बसणारी चप्पल धरून बसलेल्या त्या गुबगुबीत माणसाकडे बघून मलाही वाटलं, हा मौनी अज्जा असेल हे कसं शक्य आहे?

अव्वानं चप्पल त्यांच्या हातातून घेतली, पदरानं पुसली, जागेवर ठेवली आणि आम्हाला घरी नेलं. वाटेत ती माझ्याशीच बोलत होती. चिंचेखाली बसलं की अज्जा कुणाकुणाच्या अंगात शिरतो, असं आधीही एकदोनदा झालंय, काळजी करू नको.

संध्याकाळी तिनं पानं वाढली. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आमटी. हे खाली मान घालून बसले होते, हिरमुसलेले. भाकरी कुस्करली, आमटी ओतली, पहिला घास घेतला. आणि त्यांचा हात आपोआप तांब्याकडे गेला. तांब्याला तोंड लावून गटागटा पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला. परत एक घास घेतला, चावता चावता थांबले आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "हीच ती. त्या बाईची आमटी."

अव्वानं मला विचारलं, "काय म्हणतायत?"

मी म्हटलं, "काही नाही."

"काहीतरी म्हणाले. तांब्याकडे बघून म्हणाले."

आता माझ्यापुढे खोटं बोलायची वेळ आली होती आणि त्या दिवशी खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. मी तिला सांगितलं. अज्जाला एक बाई आमटी आणायची, ती खारट असायची, म्हणून अज्जा वर तांब्याभर पाणी प्यायचा. ती आमटी हीच, असं म्हणतायत.

अव्वा भाकरी थापत होती, ती थांबली. चुलीवरची भाकरी करपायला लागली तरी ती हलली नाही.

"खारट असायची?" तिनं विचारलं. हे ती मला नाही, सरळ यांनाच विचारत होती, कानडीत. मी मराठीत केलं.

"व्हय," हे म्हणाले.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"बोलत न्हवतो की," हे म्हणाले.

मी हेही कानडीत केलं. अव्वा यांच्याकडे बघत राहिली. त्या पाण्याविषयी तिनं गावभर सांगितलं होतं, तेवढं मला ठाऊक होतं. माझ्या हातची आमटी खाऊन अज्जाला एवढी तृप्ती व्हायची की तो तांब्याभर तीर्थ घ्यायचा, असं ती भजनाला आलेल्या बायकांना सांगायची. चपलांनी जे झालं नव्हतं ते त्या तांब्यानं झालं. तिचा विश्वास बसला, हे मला तिच्या तोंडावरून दिसलं. आणि तिला आधी काय लागलं असेल तर ते मीठ लागलं.

मग तिनं माझ्या वडिलांचं विचारलं. त्या दिवशी गाडी आली तेव्हा तुम्हाला काय दिसलं? यांनी सांगितलं, काही दिसलं नाही, एवढंच कळलं की माणूस मरतोय, आणि मी लई घाबरलो. अव्वानं पदर तोंडाला लावला. पण रडली की काय ते मला कळलं नाही. करपलेली भाकरी तिनं बाजूला ठेवली आणि नवी थापायला घेतली. त्या रात्री ती आमच्याशी बोलली नाही. हे आपले अंथरुणावर बसून मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "रागावल्या का?" मी म्हणत होते, मला समजत नाही.

सकाळी मी गोठ्यात गेले तर अव्वा धार काढत होती. मान वर न करता म्हणाली, "गावात कुणाला सांगू नका."

मी म्हटलं, "बरं."

"तिथं लोक शपथा घेतात. दोन भावांचं बांधाचं भांडण त्या कट्ट्यावर मिटलंय. आता मी जाऊन सांगू का, की तो करमाळ्याकडचा नापास झालेला पोरगा होता?"

"मग आज जावळ?"

"जावळ काढायचं. न्हाव्याला सांगितलंय."

"आणि तू? पूजा करणार?"

धारेचा आवाज थांबला. "जो बोलत नव्हता तो अज्जा," ती म्हणाली. "जो बोलतो तो माझा जावई. त्या दोघांचं एकमेकांशी काय नातं आहे ते मला कळत नाही. तुला कळतंय का?"

मी बादली उचलली.

जावळ नीट झालं. बाळ माझ्या चुलतभावाच्या मांडीवर बसून गावाला ऐकू जाईल असं रडलं. गावच्या माणसांनी यांना मान दिला, टोपी घातली, हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढली. एका म्हाताऱ्यानं यांच्याजवळ येऊन मौनी अज्जाची महती सांगितली आणि हे न बोलता मान हलवत राहिले, कारण कानडी कळत नव्हती. म्हातारा खूश होऊन गेला. ते बघून अव्वानं घाईनं मला पाठवलं, "जा, त्यांना म्हणावं काहीतरी बोला. गप्प बसू नका."

मग कोनाड्यापुढे बाळाचं डोकं टेकवायची वेळ आली. आधी बापानं नमस्कार करायचा असतो. मी बाळाला घेऊन मागे उभी होते. त्यांनी जरा वेळ चपलांकडे बघितलं आणि सरळ गुडघे टेकून नमस्कार केला. नंतर मी विचारलं, "कुणाला केला?" तर म्हणाले, "कुणाच्या का असंनात. खिळा न्हवता."

परतीच्या एसटीत बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं, डोक्याला हळद लावलेली. हे खिडकीशी बसून कंडक्टरला सोलापुरी चादर आणि नुसतीच सोलापुरी म्हणून खपवलेली चादर यातला फरक समजावत होते. अव्वानं निघताना मला शेंगापोळ्या बांधून दिल्या होत्या आणि यांच्या पाया पडणार नाही आणि यांना पाया पडूही देणार नाही, अशी काहीतरी विचित्र धडपड करून आत निघून गेली होती. पुढेही ती आयुष्यभर तशीच वागली. आमच्याकडे आली की जेवायला बसताना यांचं ताट आधी वाढायची आणि आमटीची वाटी मला चाखायला द्यायची. एवढंच. त्या विषयावर ती परत कधी बोलली नाही, मीही काढला नाही.

कंडक्टर पुढे गेला तेव्हा मी यांना विचारलं. कित्येक दिवस विचारायचं होतं. "एवढे महिने लोक पाया पडत होते. तुम्हाला काय वाटायचं?"

"लाज वाटायची," ते म्हणाले. "आणि भूक लागायची."

"एवढंच?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर ज्वारीची रानं होती.

"एक दिस एक म्हातारी आली," ते म्हणाले. "लई बोलली. तासभर. मला एक अक्षर कळलं न्हाय. मंग डोळं पुसलं आणि हसत हसत गेली. असं रोज कोन न कोन यायचं. रडत यायचं आणि हलकं होऊन जायचं. तुला खोटं कशाला सांगू? मधी एक पंधरा दिस मलाबी वाटाय लागलं हुतं."

"काय?"

"की असंल. मीच असंल त्यो."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते चेष्टा करत नव्हते. बाळाला मी दुसऱ्या खांद्यावर घेतलं, आणि तेवढ्यात पुढचा थांबा आला, माणसं चढली, आणि हे शेजारी बसलेल्या माणसाला विचारू लागले, पावणं, कुटल्या गावचं?